माहेरच्या नावाचा रकाना

रेणुका धर्मार्थ दवाखान्याच्या दारातून आत शिरलं की पहिली दिसायची ती सुभद्राची खिडकी. आदिलाबादच्या कापूस बाजारामागचा हा दवाखाना. त्यातला धर्म डॉक्टर यशवंतरावांच्या आजोबांनी करून ठेवला होता आणि अर्थ यशवंतराव बघायचे. सुभद्राच्या आधी त्या खिडकीत एक कारकून बसायचा. तो पान चघळत, रोग्याकडे न बघता, 'नाव' एवढंच भुंकायचा. त्याच्या जागी मराठी, तेलुगू आणि बाजारापुरती उर्दू बोलणारी, डोळ्यांत बघून 'बसा माय' म्हणणारी बाई आली, तेव्हा खेड्यापाड्यांतून येणाऱ्या बायांना आपण चुकून दुसऱ्याच दवाखान्यात आलो की काय असं वाटलं.

सुभद्राला घरी काडीची किंमत नव्हती. बारावी नापास झालेली पोर, लग्न होऊन आली तेव्हापासून सासू विमलबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या सुनेची भाकर पाहून घ्या. जिल्ह्याचा नकाशा हाय." नवरा उद्धवराव तसा मारकुटा नव्हता. तो फक्त हसायचा, आणि मारण्यापेक्षा ते जास्त लागायचं. टायपिंगच्या क्लासला तिनं नाव घातलं तेव्हा तो हसला. दवाखान्यात नोकरी लागली तेव्हाही हसला. "ते मशीन तुयाच हातानं जळन पाय," म्हणाला.

मशीन आणलं होतं नरसिंगरावांनी. त्या वर्षांत हैदराबादेहून कॉम्प्युटरचं वारं सुटलं होतं, आणि कुठलंही वारं सुटलं की आपलाही पतंग वर असावा असं यशवंतरावांना वाटायचं. नरसिंगरावांचे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात पेशकार, वडील मास्तर. हे स्वतः हैदराबादेत शिकून, चार वर्षं एका कंपनीत काम करून गावी परतले होते. बोलणं मऊ, कपड्यांना इस्त्री, चष्मा सारखा पुसायची सवय. दवाखान्याची सगळी यंत्रणा त्यांनी एकट्यानं बांधली, आणि ती चालवायला शिकवली सुभद्राला.

दुसऱ्याच दिवशी सुभद्रानं नको ते बटण दाबलं आणि सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्या. नवऱ्याचं हसू तिला तिथं बसल्या बसल्या ऐकू यायला लागलं. ती पदर तोंडावर घेऊन रडायला लागली, तेव्हा नरसिंगराव शेजारी स्टूल ओढून बसले.

"सुभद्राबाई, रडता काऊन? चूक माणसाची नसते, यंत्रणेची असते. पुसायचं बटण आणि जपायचं बटण मी शेजारी शेजारी ठेवलं. मूर्खपणा माझा हाय."

दुसऱ्या दिवशी ती दोन बटणं कॉम्प्युटरच्या पडद्याच्या दोन टोकांना गेली होती. आपली चूक कुणीतरी स्वतःच्या अंगावर घेतली, असं सुभद्राच्या आयुष्यात त्याआधी कधीच घडलं नव्हतं. आईबापांच्या घरीही नाही. त्या दिवसापासून नरसिंगराव तिच्यासाठी देवाच्या जागी गेले. आता, माणसाला देवाच्या जागी बसवलं की पुढं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण बसवणाऱ्याला ते कोण सांगणार?

नरसिंगरावांनी आपले नियम एका पुठ्ठ्यावर लिहून खिडकीच्या आत टांगले होते. खिडकीपुढचा माणूस अडाणी नसतो, आपला पडदा अडाणी असतो. वीज गेली तरी रांग थांबू नये. वापरणाऱ्याचं ऐका. नको ते विचारू नका. आणि सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत, चूक माणसाची नसते. सुभद्रा सकाळी आली की आधी त्या पुठ्ठ्यावरची धूळ पुसायची, मग पडदा. वीज गेली की निळे कागद काढून हातानं लिहायची आणि वीज आली की तेच पडद्यावर चढवायची. म्हाताऱ्यांना वाचून दाखवायची, लाजणाऱ्यांशी हळू बोलायची. हळूहळू लोक तिला 'मॅडम' म्हणायला लागले. विमलबाईच्या गुडघ्याला सूज आली तेव्हा तीही त्याच रांगेत उभी राहिली, आणि पुढच्या बाईनं सुभद्राला मॅडम म्हटलेलं तिला ऐकावं लागलं. त्या रात्री भाकरीबद्दल कुणी काही बोललं नाही. सुभद्राजवळ जे काही होतं ते त्या खिडकीत होतं. बाहेर ती कुणी नव्हती.

यंत्रणेची खरी शान म्हणजे लाल पट्टी. एखाद्याला एखादं इंजेक्शन सोसत नसेल तर तशी नोंद व्हायची, आणि पुढच्या वेळी त्याचं नाव टाकताच पडदाभर लाल पट्टी यायची. बाळंतिणीच्या खोलीतही एक पडदा होता, तिथंही यायची. आधी डॉक्टर मंडळी इंजेक्शनाआधी रोग्याला दहा प्रश्न विचारायची, कातडीवर एक थेंब टोचून वाट बघायची. मग वर्षभर पट्टी कधीच चुकली नाही म्हटल्यावर ती नुसती पडद्याकडे बघायला लागली. यशवंतरावांचा जावईही तिथंच डॉक्टर होता. तो तर पडद्याकडंही लांबूनच बघायचा. यंत्र भरवशाचं झालं आणि माणसांनी आपला भरवसा त्याच्या गळ्यात घालून हात झटकले.

सुरुवातीला पडद्यावर एक रकाना होता, माहेरच्या नावाचा. नरसिंगरावांनी तो विचार करूनच ठेवला होता. आपल्यात लग्नात नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, आणि बापाच्या दारातली पोर नवऱ्याच्या दारात वेगळीच बाई होऊन उभी राहते. एकाच देहाला दोन नावं, म्हणून दोन्ही मांडावी. पण रांगेत तो रकाना म्हणजे काट्याचं कुंपण झाला. बाया माहेरचं नाव सांगताना लाजायच्या, हसायच्या, कुणी वीस वर्षांत ते उच्चारलेलं नसायचं म्हणून तिथंच घुटमळायच्या. सासवा मागून फणकारायच्या, "माहेर कशाले पाह्यजे? ताप सासरी आला ना तिले?" तेलुगू बायांचं नाव लग्नात बदलतच नाही, त्यांना विचारलं की त्या चिडायच्या. नमुन्याची नोंद करताना नरसिंगरावांनी सुभद्रालाही तिचं विचारलं होतं. ती 'राहू द्या' म्हणाली होती.

शेवटी तिनंच विषय काढला. "सर, हा रकाना काऊन ठेवला? बाया भांडून राह्यल्या. रांग दारापोत जाते."

नरसिंगरावांनी चष्मा पुसला, थोडा विचार केला. "खरं हाय. नको ते विचारू नका, हा आपलाच नियम." संध्याकाळच्या आत रकाना गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी यशवंतरावांसमोर, सगळ्या नर्सांसमोर तिला उभं केलं आणि म्हणाले, "यंत्रणा कशी सुधारावी ते सुभद्राबाईंकडून शिका." सुभद्राला पुढचे कित्येक दिवस ते वाक्य कामाला पुरलं. भाकर थापतानाही ती ते मनात घोळवायची आणि भाकर आणखीच वाकडी व्हायची.

पुढचा उन्हाळा आला. दुपारी पैनगंगेकाठच्या एका खेड्यातून जीप आली. तुळजाबाई नावाची शेतकरीण पोरीला बाळंतपणाला घेऊन आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पोर दोन महिन्यांपासून तिच्याकडेच होती. कळा सुरू होऊन पोर अर्धी बेशुद्ध झालेली, आईच्या खांद्यावर मान टाकून उभी.

"नाव काय माय?"

"बयना."

पडदा बापाचं किंवा नवऱ्याचं असं एकच नाव मागायचा. तुळजाबाईनं पोरीच्या बापाचं सांगितलं, कारण हे बाळंतपण बापाच्या घरचं होतं. सुभद्रानं पोरीकडे बघितलं. चेहरा कुठं तरी पाहिल्यासारखा वाटला. पण मागं रांग होती, रांग थांबू नये हा नियम होता, आणि रोज शंभर चेहरे बघणाऱ्या बाईला सगळेच कुठं तरी पाहिल्यासारखे वाटतात. तिनं नवी नोंद केली. पडदा पांढरा स्वच्छ आला.

ती पोर सासरी चारुशीला होती. सासर आदिलाबादेतच. आदल्या वर्षी तिला ताप आला तेव्हा सासरच्यांनी याच दवाखान्यात आणलं होतं. एक इंजेक्शन दिलं आणि तिचे ओठ सुजले, श्वास अडकला, कशीबशी वाचली. चारुशीलाच्या नावापुढं लाल पट्टी लागली ती त्या दिवशी. पोरीनं माहेरी यातलं चकार शब्दानं सांगितलं नाही. सासरचं दुखणं माहेरी न्यायचं नसतं, हे तिला तुळजाबाईनंच तर शिकवलं होतं.

जावई डॉक्टरनं पडद्याकडे लांबूनच बघितलं. पट्टी नाही. मुलगी जन्मली, आईला टाके घालायचे होते, आणि टाक्यांआधी तेच इंजेक्शन दिलं गेलं. कातडीवर थेंब टोचायला कुणाला वेळ नव्हता. पोरगी जगली. माय गेली.

सासरची माणसं धावत आली. नवरा व्यंकटेश, साधा मास्तर, आधी ओरडला नाहीच. खिडकीशी येऊन तो म्हणाला, "तिले हे इंजेक्शन चालत नव्हतं. तुमीच लिहून ठेवलं व्हतं. चारुशीला नाव टाका."

सुभद्रानं टाकलं. पडदाभर लाल पट्टी आली. खिडकीपुढं उभ्या असलेल्या सगळ्यांनी ती बघितली, आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीशी बसलेल्या तुळजाबाईनंही. मग व्यंकटेश ओरडला.

तिसऱ्या दिवशी यशवंतरावांच्या खोलीत तहकीकात बसली. जावई कोपऱ्यातल्या खुर्चीत चहा पीत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. आता सासऱ्यानं स्वतःच्या लेकीच्या कुंकवाला कसं विचारावं? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, तर संन्यासी तेवढा शोधायचा बाकी होता. सुभद्रा दाराशी उभी होती. पोर गेल्याचं दुःख तिला होतं, तीन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पण खिडकी जाईल अशी भीती वाटत नव्हती. सर आहेत. सर ते वाक्य म्हणतील. म्हणतील की रकाना मी काढला, पडदा माझा, चूक यंत्रणेची.

"नरसिंगराव," यशवंतराव म्हणाले, "हे झालं कसं?"

नरसिंगरावांनी चष्मा पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ लावला. मग त्याच मऊ आवाजात म्हणाले, "नोंद सुभद्राबाईंनी केली. जुनी नोंद शोधून बघणं हे ऑपरेटरचं काम. रोगी आधी येऊन गेली का, एवढं त्यांनी तोंडानं विचारायला पाह्यजे होतं."

"आणि तो माहेरचा रकाना?"

"तो बी यांच्याच सांगण्यावरून काढला. सगळ्यांसमोरच बोललो होतो मी."

सगळं खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. खोटं असतं तर सुभद्रा भांडली तरी असती. ती फक्त एवढंच म्हणाली, "सर, चूक माणसाची नसते ना?"

नरसिंगरावांनी तिच्याकडे बघितलं नाही. "ते शिकवताना म्हणायचं असतं, सुभद्राबाई."

जावयानं कप बशीत ठेवला. यशवंतराव म्हणाले, बडतर्फ. एवढ्यावर संपलं. नरसिंगराव वाईट माणूस नव्हता असं पुढं बरेच लोक सांगायचे, आणि मलाही ते पटतं. वाईट माणसाकडून एवढं नेमकं काम होत नाही. तो भित्रा होता. भित्र्याच्या हाती चांगले नियम दिले की तो ते दुसऱ्याला पाठ करायला लावतो.

संध्याकाळी सुभद्रा डबा आणायला खिडकीत गेली. पडदा सुरू होता. नावाच्या खाली, होता तिथंच, माहेरच्या नावाचा रकाना परत आला होता. वरातीमागून घोडं, पण घोडं आणायला नरसिंगरावांना एक दुपारही लागली नव्हती. पुठ्ठा तिथंच टांगलेला होता. सवयीनं तिचा हात धूळ पुसायला वर गेला, मग तिनं तो खाली घेतला आणि डबा उचलला.

घरी उद्धवराव हसला नाही, हे एक नवलच. विमलबाईनं मात्र गल्लीभर सांगितलं, "मशीन नाई जळलं, माणूस मेलं." नळावर बाया तिच्या घागरीपासून आपली घागर दूर सरकवायला लागल्या. जिला मॅडम म्हणायचे तिला आता 'ते दवाखान्यातली' म्हणायला लागले.

महिनाभरानं तुळजाबाई आली. कडेला कुंचीत गुंडाळलेली नात. आत या म्हटलं तरी आली नाही, उंबऱ्याबाहेर बसली. सुभद्राला वाटलं आता शिव्या, आता शाप. ती दाराला धरून उभी राहिली.

"बाई," तुळजाबाई म्हणाली, "तुमी नाव इचारलं, म्या बयना सांगतलं. माह्या तोंडी तेच नाव. तिले पाळण्यात घातली तवाचं. मले रोज वाटते, दुसरं सांगतलं असतं त वाचली असती का? माहीच चूक व्हय का?"

ते वाक्य सुभद्राच्या ओठांवर होतं. चूक माणसाची नसते, माय. म्हणायला काहीही लागत नव्हतं. म्हटलं असतं तर ती म्हातारी तिथंच मोकळेपणी रडली असती आणि कदाचित दोघीही सुटल्या असत्या. पण सुभद्रा महिनाभर सगळ्यांचं ऐकत आली होती. यशवंतरावांनी नरसिंगरावांकडे बघितलं, नरसिंगरावांनी तिच्याकडे बोट केलं, नवऱ्यानं, सासूनं, नळावरच्या बायांनी तेच केलं. पाणी उताराला लागतं तशी ती चूक वाहत वाहत तिच्या दारात येऊन साचली होती. आणि आज पहिल्यांदाच तिच्याहून खाली कुणीतरी बसलं होतं.

"व्हय," सुभद्रा म्हणाली. "एकडाव चारुशीला म्हटलं असतं, त लाल पट्टी आली असती. तुमी एकच नाव सांगतलं."

तुळजाबाईनं मान हलवली. "मले बी तसंच वाटे," म्हणाली. नातीला सावरलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि चालू लागली. सुभद्रा ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. त्या दिवशी तिला हलकं वाटलं. महिन्यानंतर पहिल्यांदा ती पोटभर जेवली, आणि तिला झोपही चांगली लागली.

वर्षं गेली. सुभद्रा एका जिनिंग कारखान्यात कापूस निवडायच्या कामाला जायची. तंतूंनी छाती भरली, खोकला धरला, तो जाईना. शेवटी उद्धवराव म्हणाला, जा तिथंच, जवळ पडते. ती पदर कपाळावर ओढून रेणुका दवाखान्याच्या रांगेत उभी राहिली. नरसिंगरावांना आता स्वतःची काचेची खोली होती; त्यांची यंत्रणा बघायला हैदराबादेहून माणसं येऊन गेली होती, म्हणे. पुठ्ठ्याच्या जागी रंगवलेली पाटी आली होती, तीन भाषांत. नियम तेच होते. खिडकीत एक नवी पोरगी होती, डोळ्यांत बघून बोलणारी. रांग भराभर पुढं सरकत होती. यंत्रणा खरंच चांगली होती, हे सुभद्रालाही नाकारता येईना.

तिच्या पुढं एक म्हातारी शाळेच्या फ्रॉकातल्या पोरीला हाताशी धरून उभी होती. आवाज ऐकला तेव्हा सुभद्रानं तिला ओळखलं.

"नाव काय आजी, लेकराचं?"

"रमा. हिच्या मायचं नाव बयना, सासरचं चारुशीला. माहं तुळजाबाई, माहेरचं फुला. हिच्या बापाचं व्यंकटेश. हिच्या आजाचं बी सांगतो."

खिडकीतली पोरगी हसली. "आजी, लेकराचं एक पुरे. हिचं लगन कुठं झालं अजून?"

"लिव माय, सगळेच लिव. एकच सांगतलं का माणूस मरते."

पोरीचं हसू थांबलं. ती जरा पुढं वाकली आणि अगदी मायेनं, शिकवलं होतं तसंच, म्हणाली, "आजी, घाबरू नका. चूक माणसाची नसते, यंत्रणेची असते. आमचे सर सांगतात."

"नाई माय," तुळजाबाई म्हणाली. "माहीच व्हती. तवाच्या खिडकीतल्या बाईनं मले सांगतलं. तिले सगळं समजे. खोटं काऊन बोलन थे?"

ती वळली. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. सुभद्राच्या तोंडावरून तिची नजर तशीच सरकली. "जा माय, तुमचा नंबर आला," म्हणाली आणि नातीचा हात धरून आतल्या व्हरांड्याकडे गेली. ती हाकेच्या अंतरावर होती. सुभद्रानं तोंड उघडलं. खोकला आला. खोकला थांबला तेव्हाही म्हातारी दिसत होती, हळूहळू चालत होती, हाक मारली असती तर थांबली असती.

"नाव?" खिडकीतून विचारलं.

"सुभद्रा."

"माहेरचं नाव?"

मागून कुणी तरी चुकचुकलं. पोरगी म्हणाली, "घाई नाई मावशी, आठवून सांगा."

"सोना," सुभद्रा म्हणाली. पोरीनं ते टाइप केलं, पडदा पांढरा स्वच्छ आला, आणि तिनं मागच्या बाईला पुढं यायला सांगितलं.